नाही म्हणा, पण वेळेवर म्हणा

रिफंड मागणारा प्रत्येक ग्राहक लबाड असतो, असं कुठलाही विक्रेता चारचौघांत म्हणणार नाही. पण त्याची रिटर्न पॉलिसी उघडून वाचा. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ हवा, तो सलग हवा, मध्ये कुठे कट नको, कुरिअरचं लेबल त्यात स्पष्ट दिसायला हवं, तक्रार चोवीस तासांच्या आत यायला हवी, मूळ पॅकिंग शाबूत हवं, टॅग काढलेला नको. एवढं सगळं पार करून कुणी पोचलाच, तर शेवटची ओळ तयार असते: अंतिम निर्णय आमचा राहील. या अटी वाचून ग्राहकाला एकच गोष्ट कळते, की तू खोटं बोलणार हे आम्ही आधीच धरून चाललो आहोत.

मी स्वतः ऑनलाइन विकतो, त्यामुळे ही भाषा कुठून येते ते मला कुणी सांगायला नको. परत आलेला खोका उघडावा तर आत आपला नग नसतोच. त्याच जातीचा, पण जुना, घासलेला, भलत्याच कुणाकडून घेतलेला नग असतो. कपडे विकणाऱ्यांना विचारा. एका समारंभापुरता घातलेला ड्रेस परत येतो, टॅग अगदी नीट पुन्हा अडकवलेला आणि काखेत अत्तराचा वास. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ असं स्वच्छ दिसत असताना ‘मला काहीच मिळालं नाही’ असा मेसेज येतो. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रकार म्हणजे वस्तू ठेवून घ्यायची आणि वर म्हणायचं, ‘अर्धे पैसे परत करा, नाहीतर एक स्टार देतो.’ हे सगळं घडतं, आणि असं एखादं पार्सल हाताळलं की पुढच्या चार तक्रारींकडे माणूस त्याच नजरेने बघतो.

तरीही या रागातून लिहिलेली पॉलिसी चुकीच्या माणसाला लागते, असं माझं मत आहे. मुरलेला लबाड तुमच्या अटी तुमच्यापेक्षा बारकाईने वाचतो. त्याच्याकडे व्हिडिओ असतो, सलग असतो, त्यात लेबलही असतं. व्हिडिओ नसतो तो साध्या माणसाकडे, कारण तो वस्तूची वाट बघत होता, पुराव्याच्या तयारीत नव्हता. तो उत्साहाने खोका फाडतो, पुठ्ठा कचऱ्यात टाकतो आणि दोन दिवसांनी त्याच्या लक्षात येतं की दिव्याच्या काचेला तडा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तक्रारींवरचा सगळा वाद नेहमी एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो: पैसे परत द्यायचे की नाही? ग्राहकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात द्या, विक्रेते म्हणतात आम्ही काय धर्मादाय संस्था चालवतो का. मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न हा, की उत्तर कधी मिळालं आणि सोबत कारण मिळालं का. रिफंड नाकारण्याचा अधिकार विक्रेत्याला काही वेळा नक्कीच आहे. माणसाला लटकवून ठेवण्याचा अधिकार मात्र कधीच नाही. ग्राहकाची बाजू बघायची तर, पैसे परत मिळण्याचा हक्क त्याला दर वेळी असतोच असं नाही. पण ठरलेल्या मुदतीत, कारण सांगणारं उत्तर मिळण्याचा हक्क दर वेळी असतो, मग तो लबाड का असेना. लबाडी आहे की नाही हे ठरायचंच मुळी त्या उत्तरात असतं.

दूरवरच्या खरेदीत पैसे आधी जातात आणि वस्तू मागून येते. घेणाऱ्याने ती हाताळलेली नसते, वजन पाहिलेलं नसतं, शिलाई ओढून बघितलेली नसते. त्याने पाहिलेले असतात विक्रेत्याने निवडलेले फोटो, आणि कुठलाही विक्रेता वाईट कोनातून काढलेला फोटो निवडत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन असं मांडलं की, मालाची खरी अवस्था विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू बाहेर पडतो. घेणारा फसण्याची भीती किमतीतून वजा करतो, आणि त्या पडलेल्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही. यावरच्या उपायांत त्यांनी हमीचा उल्लेख केला आहे. २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्यांत ते होते, पण ही गोष्ट समजायला नोबेलची गरज नाही. रिटर्नचं वचन चांगला माल विकणाऱ्याला स्वस्त पडतं आणि भिकार माल विकणाऱ्याला महाग. म्हणून ते वचन म्हणजे ग्राहकावर केलेली मेहेरबानी नव्हे. न पाहता पैसे मोजायला तो तयार झाला, त्याबद्दलचं ते देणं आहे.

निरनिराळ्या देशांचे कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एक मजेशीर गोष्ट दिसते. रिफंड कधी द्यावा यावर त्यांचं एकमत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ऑनलाइन खरेदीदाराला वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत, काहीही कारण न देता, व्यवहारातून माघार घेता येते. चीनने २०१४ पासून बहुतेक ऑनलाइन खरेदीला ७ दिवसांची अशीच सवलत दिली. अमेरिकेत मन बदललं म्हणून ऑनलाइन घेतलेला माल परत करण्याचा सरसकट संघीय हक्क नाही. भारतातल्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मन बदलण्याला जागा नाही. पण माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितला तसा नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत, हाताबाहेरच्या आपत्तीने झालेला उशीर तेवढा यातून वगळला आहे.

इतका फरक असूनही घड्याळ मात्र सगळ्यांनी लावलं आहे. युरोपात माघार कळवल्यापासून १४ दिवसांत पैसे परत गेले पाहिजेत. वस्तू किंवा ती पाठवल्याचा पुरावा हाती येईपर्यंत विक्रेता थांबू शकतो, एवढीच सूट. आणि माघारीचा हक्क आहे हे विक्रेत्याने सांगितलंच नसेल, तर ती १४ दिवसांची मुदत तब्बल १२ महिन्यांनी वाढते. अमेरिकेत १९७५ पासून टपालाने माल विकणाऱ्यांसाठी नियम आहे, जो पुढे इंटरनेटवरच्या विक्रीलाही लागू झाला: सांगितलेल्या वेळेत, आणि वेळ सांगितली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना करा, जमत नसेल तर तसं कळवा आणि ऑर्डर रद्द करून पैसे परत घेण्याची मुभा द्या. भारतीय नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. कायदे करणाऱ्यांना पैशापेक्षा वेळ जास्त महत्त्वाची वाटली, असा दावा मी करणार नाही. पण ताटकळत ठेवणं हा स्वतंत्र अन्याय आहे, एवढं त्यांनी निरनिराळ्या वाटांनी मान्य केलेलं दिसतं.

याला आकड्यांचाही आधार आहे. ईबे या ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीत एके काळी वर्षाला सुमारे ६ कोटी वाद निवारणासाठी येत. हे काम सांभाळणारे कॉलिन रूल यांनी तक्रार करणाऱ्या खरेदीदारांचं पुढचं वागणं तपासलं. तक्रार जिंकलेल्यांची खरेदी नंतर वाढली, यात नवल नाही. नवल हे की हरलेल्यांचीही वाढली. खरेदी घटली ती फक्त ज्यांची तक्रार सहा आठवड्यांहून जास्त रेंगाळली त्यांची. निकाल विरुद्ध गेला तरी माणूस परत येतो, भिजत घोंगडं ठेवलं की येत नाही. रिफंड म्हणजे नुकसान एवढंच गणित मांडणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरा मनावर घ्यावा. ‘बघू, थांबू, कंटाळून सोडून देईल’ या धोरणात वाचलेले पैसे दिसतात. निघून गेलेला माणूस हिशेबात कुठेच दिसत नाही. तो वाईट रिव्ह्यू लिहील असंही नाही. बहुतेक जण लिहीत नाहीत, नुसते जातात.

आता उत्तर म्हणजे काय ते जवळून पाहू. काचेच्या दिव्याचीच तक्रार घ्या. ग्राहकाने दोन फोटो पाठवले आहेत आणि लिहिलं आहे, ‘दिवा फुटका आला. पैसे परत हवेत.’ यावर ठोकळेबाज उत्तर असं जातं: ‘प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. कृपया ७ ते १० कार्यालयीन दिवस प्रतीक्षा करावी.’ या तीन वाक्यांत दिवा नाही, काच नाही, तडा नाही. फोटो कुणी उघडून पाहिले की नाही तेही कळत नाही. (एकट्याने धंदा चालवणारेसुद्धा हेच वाक्य पाठवतात. त्यांचा संबंधित विभाग त्याच खुर्चीत बसलेला असतो.)

दुसरं उत्तर असं लिहिता येतं: ‘फोटो पाहिले. काचेला डाव्या बाजूने तडा आहे आणि खोक्याचा तोच कोपरा दबलेला दिसतो, म्हणजे वाटेत मार बसला आहे. यात तुमचा काही दोष नाही. नवी काच उद्या रवाना करू शकतो, किंवा पूर्ण पैसे आजच परत पाठवतो. खात्यात दिसायला बँकेकडून काही दिवस लागतात. यातलं काय करू? फुटलेली काच परत पाठवू नका, हाताळताना लागेल.’ याला पहिल्याहून फार वेळ लागत नाही. फोटो मात्र खरोखर बघावे लागतात, आणि लोक टाळतात ते नेमकं तेवढंच. यातलं ‘काय करू?’ हे महत्त्वाचं आहे. निवड ग्राहकाच्या हातात दिली की निम्मा राग तिथेच ओसरतो, आणि बरेच जण पैशांऐवजी नवी काच मागतात. त्यांना दिवाच हवा होता.

दिलगिरीबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. जर्मनीत ईबेवरच्या एका मोठ्या विक्रेत्याच्या नाराज ग्राहकांना, त्यांनी साइटवर दिलेला नाराजीचा शेरा मागे घेण्याची विनंती केली गेली. काहींना माफी मागून, काहींना थोडे युरो देऊ करून. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माफीनंतर सुमारे ४५ टक्के लोकांनी शेरा मागे घेतला, पैसे देऊ केलेल्यांपैकी फार तर २३ टक्क्यांनी. यावरून ‘सॉरी म्हणा, पैसे वाचवा’ असा धडा काढणारे पुष्कळ सापडतील. मला त्यात वेगळंच दिसतं. रकमा किरकोळ होत्या, आणि नाराज माणसाला किरकोळ रक्कम देऊ केली की त्याला आपली किंमत केल्यासारखं वाटतं. शिवाय प्रयोगातली ती माफीदेखील शेरा काढून घेण्यासाठीच होती. माणसं माफीला इतका भाव देतात म्हणूनच ती चलाखीचं साधन म्हणून वापरू नये, असा माझा कौल आहे. पूर्ण किंमत परत देणं लागत असताना गोड माफी आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देणं म्हणजे सरळ तोंडाला पानं पुसणं.

तसाच दुसरा एक गोड समज आहे. चूक होऊन ती छान निस्तरली, तर ग्राहक चूक न झालेल्या ग्राहकापेक्षाही खूश होतो, असं प्रशिक्षणवर्गांत हमखास शिकवतात. १९९० च्या दशकापासून ही कल्पना अभ्यासकांत फिरते आहे. पण अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये तपासणी झाली तेव्हा समाधान वाढल्याचं दिसलं. पुन्हा खरेदीचा इरादा किंवा इतरांजवळ शिफारस यांत तशी वाढ सापडली नाही. तेव्हा तक्रार हाताळणं ही जाहिरातीची संधी वगैरे काही नाही. काम नीट पार पाडायचं, इतकंच.

नकाराबद्दल जास्त लिहायला हवं, कारण खरा कस तिथे लागतो. होकार कुणीही देतो. बरेच विक्रेते नकार द्यायला घाबरतात, म्हणून तो देतच नाहीत; नुसते गप्प बसतात, किंवा एकच फोटो तीन वेगवेगळ्या कोनांतून मागत राहतात. मागवणाऱ्याचं नाव कोरलेली अंगठी ‘आवडली नाही’ म्हणून परत येऊ शकत नाही. सील फोडलेली आरोग्याशी संबंधित वस्तू पुन्हा विकता येत नाही. ज्या युरोपीय निर्देशात बिनकारण माघारीचा हक्क आहे, त्यातच हे अपवाद स्पष्ट लिहिलेले आहेत. वस्तू तपासण्यापुरती हाताळणं वेगळं आणि वापरणं वेगळं, आणि वापराने तिची किंमत घटली तर तेवढा भार ग्राहकावर, हेही तिथे आहे. अशा वेळी दोन ओळींत नकार द्यावा: काय तपासलं, कोणत्या कारणाने नाही, आणि निर्णय पटत नसेल तर पुढे कुठे जाता येईल. ‘पॉलिसीनुसार शक्य नाही’ हे कारण होत नाही. कुठलं कलम आणि ते तुमच्या वस्तूला का लागू होतं, हे कारण.

रंगाची तक्रार मात्र मला अजून पुरती सुटलेली वाटत नाही. फोटोत गडद निळं, हातात आल्यावर जांभळट. विक्रेता म्हणतो स्क्रीनमध्ये फरक असतो, आणि ते खोटं नसतं. पण तीच तक्रार तीन वेगळ्या माणसांकडून आली, तर बिघाड स्क्रीनमध्ये नाही, फोटोत आहे; तिथे वाद न घालता परतीच्या खर्चासकट पैसे द्यावेत आणि त्याच दिवशी फोटो बदलावा. एकानेच म्हटलं तर माल परत घ्यावा, पण परतीचं भाडं त्याच्याकडे ठेवायला हरकत नसावी. हा नियम मी आधी लिस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूच्या विक्रीच्या पानावर, सांगितला असेल, तरच. पैसे अडकल्यावर सांगितलेला नियम कितीही रास्त असला तरी समोरच्याला तो बहाणाच वाटतो, आणि त्याचं चुकत नाही.

रिव्ह्यूची धमकी देणाऱ्याला एक पैसाही देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. तक्रार खरी असेल तर पैसे द्यावेत, स्टार कितीही येवोत. खोटी असेल तर देऊ नयेत, स्टार कितीही जावोत. पण हीच फूटपट्टी आपल्यालाही लागते. ‘रिव्ह्यू काढलात तर रिफंड करतो’ असं लिहिणारा विक्रेता तोच सौदा उलट्या दिशेने करत असतो. काही महाभाग तर व्यवहाराच्या अटींतच ग्राहकाने वाईट लिहू नये असं कलम घालत. अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा करून अशी कलमं निरर्थक ठरवली.

यावर लहान विक्रेत्याचं म्हणणं असतं: बोलायला ठीक आहे, आमचा नफा तो केवढा, एक रिफंड म्हणजे पाच विक्रीचा फायदा गेला. गणित बरोबर आहे, पण अपुरं आहे. ग्राहकाकडे दुसरा दरवाजा असतो. तो कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाऊन व्यवहारावर आक्षेप घेऊ शकतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने क्रेडिट कार्डधारकाला हे संरक्षण दिलं, आणि आज चार्जबॅक, म्हणजे अशा आक्षेपावरून विक्रेत्याकडून पैसे काढून ग्राहकाला देणं, ही जगभरच्या कार्ड कंपन्यांची नेहमीची यंत्रणा आहे. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर तर पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उपस्थित करता येतो. चार्जबॅक आला की रक्कम आधी कापली जाते, वर शुल्क लागतं, पुरावे विक्रेत्याने गोळा करायचे, वस्तू बहुतेक वेळा ग्राहकाकडेच राहते, आणि असे दावे ठरावीक प्रमाणाबाहेर गेले तर कार्डाने पैसे घेण्याची सोयच धोक्यात येते. म्हणजे रिफंड रेंगाळवणारा विक्रेता पैसे वाचवत नसतो. निर्णय आपल्या हातून बँकेच्या हातात देत असतो, आणि बँकेला त्याचा दिवाही माहीत नसतो आणि त्याचं पॅकिंगही.

लबाडी रोखायची तर ती तक्रार येण्यापूर्वी. पाठवण्याआधी अनुक्रमांकाचा फोटो, पार्सलचं वजन, महागड्या मालाला सहीची डिलिव्हरी. लिस्टिंगमध्ये वस्तूतला दोष, मापं, हाताशेजारी ठेवून काढलेला एक कुरूप पण खरा फोटो. हे काम विक्रेत्याने स्वतःच्या टेबलावर करायचं असतं. त्यासाठी ग्राहकाला कॅमेरा घेऊन बसवायची गरज नाही. परत आलेल्या खोक्याचं वजन जाताना होतं त्याच्या निम्मं भरलं, तर तिथे नकार द्यायला तुमच्याकडे कारण असतं, नुसता संशय नसतो.

पण इथवर मी असं बोलतोय, की निर्णय विक्रेत्याच्याच हातात आहे. मोठ्या प्लॅटफॉर्मवर विकणाऱ्याच्या हातात तो अनेकदा नसतो. मध्यस्थ कंपनी दयाळू ठरते ती दुसऱ्याच्या पैशाने. चीनमध्ये याचं टोक गाठलं गेलं. पिनड्वोड्वो या तिथल्या ऑनलाइन विक्रीच्या प्लॅटफॉर्मने २०२१ मध्ये ‘फक्त रिफंड’ अशी सोय आणली: पैसे परत, वस्तू ग्राहकाकडेच. पुढे बाकीच्या बड्या प्लॅटफॉर्मनीही तिचं अनुकरण केलं. विक्रेत्याचं ऐकून न घेताच त्याच्या खात्यातून रक्कम जाऊ लागली, फुकट वस्तू मिळवण्याच्या युक्त्या लोक एकमेकांना शिकवू लागले, आणि चिडलेले विक्रेते फुकट्या ग्राहकांवर कोर्टात जाऊ लागले. अखेर एप्रिल २०२५ मध्ये, या बड्या प्लॅटफॉर्मनी ही पद्धत गुंडाळून वस्तू न घेता रिफंड द्यायचा की नाही हे विक्रेत्यांवर सोपवायचं ठरवल्याच्या बातम्या आल्या. वस्तू परत न मागता रिफंड देणं मुळात वाईट नाही. मीच वर फुटकी काच परत पाठवू नका म्हटलं. परतीचं भाडं वस्तूपेक्षा महाग असेल तर तेच शहाणपणाचं. प्रश्न आहे तो निर्णय कुणाचा, आणि कारण कुणाला सांगितलं, हा.

समतोल राखणं सोपं नाही, हेही कबूल करायला हवं. ईबेवर १९९६ पासून खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांना शेरा देत. मग विक्रेते ग्राहकाच्या शेऱ्याची वाट बघत थांबू लागले आणि वाईट शेरा आला की सूड म्हणून तसाच परत देऊ लागले. ग्राहक घाबरून गप्प बसू लागले, तेव्हा २००८ मध्ये कंपनीने विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकारच काढून घेतला. विक्रेते तेव्हा खूप चिडले. मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण तक्रार करणाऱ्याच्या मानेवर तलवार टांगून बाजार चालत नाही. पण अधिकार काढून घेतला की त्या जागी सुनावणी द्यावी लागते.

म्हणून सार्वजनिक पातळीवर माझी मागणी रिफंडचे दिवस वाढवा किंवा कमी करा अशी नाही. प्लॅटफॉर्मने विक्रेत्याच्या पैशातून रिफंड दिला किंवा ग्राहकाला नाकारला, तर दोघांनाही एकच लेखी कारण एकाच वेळी मिळावं: कोणता फोटो, कोणती ट्रॅकिंग नोंद, कोणता नियम. युरोपात २०२० पासून मध्यस्थ कंपन्यांना विक्रेत्याचं खातं रोखताना किंवा बंद करताना कारणं लेखी द्यावी लागतात. तोच दंडक रिफंडच्या प्रत्येक निर्णयाला लावणं फार दूरचं पाऊल नाही. निर्णयाविरुद्ध एकदा तरी माणसाकडे दाद मागता यावी, आपोआप उत्तरं देणाऱ्या यंत्राकडे नव्हे. आणि ‘तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे’ एवढाच मजकूर असलेला मेसेज कायद्याच्या हिशेबात निवारण म्हणून मोजला जाऊ नये. आज पुष्कळ ठिकाणी मुदती पाळल्या जातात त्या अशाच, घड्याळ थांबवून. ग्राहक मग तीच तक्रार नव्या क्रमांकाने पुन्हा नोंदवतो, आणि मोजणी पहिल्या दिवसापासून परत सुरू होते.